विरजण कुणाकडे मागायचं? : नव्या गावातला दोघांचा संसार

मागच्या व्याख्यानात आपण 'घर' या शब्दाचा विचार केला. व्याख्यान संपल्यावर एका तरुण श्रोत्यानं प्रश्न विचारला होता. तो म्हणाला, "सर, लग्न झाल्यावर आम्ही दोघं मारुंजीला राहायला आलो. पगार बरे आहेत, फ्लॅट चांगला आहे, एकमेकांवर प्रेम आहे. तरी रोज रात्री कशावरून तरी वाजतंच. तत्त्वज्ञानात याला काही उत्तर आहे का?" सभागृहात हशा झाला, आम्हीही हसलो. पण घरी गेल्यावर लक्षात आलं की प्रश्न हसण्यावारी न्यायचा नव्हता. म्हणून आजचा विषय ठरलेला बाजूला ठेवून हा घेतला आहे.

ज्यांना हा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मारुंजी हे मुळशी तालुक्यातलं गाव, हिंजवडीला अगदी लागून. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस हिंजवडीत माहिती-तंत्रज्ञानाच्या कंपन्या येऊ लागल्या, आणि मग आजूबाजूच्या माण, मारुंजी, नेरे, जांभे या गावांच्या शेतजमिनींवर टोलेजंग इमारती उभ्या राहिल्या. एका बाजूला हिंजवडी, दुसरीकडे पिंपरी-चिंचवडचे जुने कारखाने, आणि पलीकडे चाकणची वाहन-उद्योगाची वसाहत. या पट्ट्यात नोकरी लागली की राहायला परवडेल अशी जागा शोधत तरुण जोडपी इथं येतात. कुणी लातूरहून, कुणी जळगावहून, कुणी यवतमाळहून.

उदाहरणासाठी एक जोडपं डोळ्यासमोर आणू. त्याची नोकरी चाकणच्या कारखान्यात, शिफ्टची. एक आठवडा पहिली पाळी, एक आठवडा दुसरी. तिची नोकरी हिंजवडीत, अमेरिकेतल्या ग्राहकाच्या कामावर. आता घड्याळाचा हिशेब बघा. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे 9 वाजतात तेव्हा उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळचे 6.30 झालेले असतात आणि हिवाळ्यात 7.30. म्हणजे आपल्याकडे ज्याला दिवेलागण म्हणतात, जी वेळ घरातल्या माणसांनी एकत्र येण्याची, नेमकी त्याच वेळी तिची मीटिंग सुरू होते. त्याची दुसरी पाळी असेल तर तो कंपनीच्या बसनं रात्री एकला घरी पोचतो. ती झोपलेली. सकाळी ती निघते तेव्हा तो झोपलेला. आठवडाभर दोघांचं बोलणं मोबाइलवर : "दूध संपलंय", "ओटीपी पाठव", "भाड्याचं बघ".

आता एक रात्र घ्या. सोसायटीला पाणी टँकरचं. आज टँकर उशिरा येणार, आठला नळ बंद होणार, असा निरोप ग्रुपवर आलेला. तिनं पाहिला नाही, कारण ती मीटिंगमध्ये. त्यानं पाहिला, पण तो चाकणला. रात्री एकला, ग्रीस लागलेले हात घेऊन तो घरी आला आणि नळाला पाणी नाही. "एक बादली भरून ठेवता आली नाही तुला?" झालं. तिचं उत्तर, "मी घरी बसलेली असते का?" मग बादलीवरून गाडी कुठल्या कुठं गेली. माहेर आलं, सासर आलं, "तुला माझी किंमतच नाही" इथपर्यंत आलं.

या भांडणात चूक कुणाची? आमचं उत्तर असं की दोघांचीही नाही. या घरात एक तिसरी गोष्ट कमी आहे, आणि तिची जागा भरून काढायला दोघं एकमेकांना ओढताहेत. ती तिसरी गोष्ट कोणती, ते समजून घेण्यासाठी थोडं मागं जाऊ.

घर, गाव आणि नगर

ॲरिस्टॉटलनं आपल्या 'पॉलिटिक्स' या ग्रंथाच्या सुरुवातीलाच माणसांच्या एकत्र राहण्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिली घराची. घर हे रोजच्या गरजांसाठी असतं. कारोंडास नावाच्या जुन्या कायदेकर्त्यानं घरातल्या माणसांना दिलेलं नाव तो नोंदवतो. त्याचा अर्थ साधारण 'एकाच कणगीतलं खाणारे' असा. आपल्याला हे परकं वाटणार नाही. आपल्याकडेही भाऊ वेगळे झाले की 'चूल वेगळी झाली' असंच म्हणतात. दुसरी पायरी गावाची. अनेक घरं एकत्र येतात ती रोजच्या गरजांच्या पलीकडच्या गोष्टींसाठी. आणि तिसरी पायरी नगराची, म्हणजे नगरराज्याची. ते जगण्यासाठी निर्माण होतं, पण टिकून राहतं ते चांगलं जगता यावं म्हणून.

यातली मधली पायरी फार वेळा विसरली जाते. घर कळतं, नगर कळतं, पण मध्ये गाव कशाला? 'रोजच्या पलीकडचं' म्हणजे काय? दुखणंखुपणं, बाळंतपण, मयत, लग्नकार्य. आणि शिवाय अगदी लहान गोष्टी, ज्या रोज घडत नाहीत पण घडल्या की घरातल्या दोघांना पुरत नाहीत. वाड्यात राहिलेल्यांना आठवेल. नळ आला की कुणीतरी ओरडायचं, "पाणी आलंय हो!" ती हाक कुणा एकासाठी नसायची. ज्याला ऐकू आली त्याची ती. आपल्या जोडप्याच्या घरात त्या रात्री बादली नव्हती असं नाही, ती हाक नव्हती.

आपल्या परंपरेत हाच विचार वेगळ्या शब्दांत आला आहे. धर्मशास्त्रानं गृहस्थाला रोजचे पाच यज्ञ सांगितले : ब्रह्मयज्ञ, पितृयज्ञ, देवयज्ञ, भूतयज्ञ आणि नृयज्ञ. म्हणजे अध्ययन-अध्यापन, पितर, देव, प्राणिमात्र आणि अतिथी. यादी नीट पाहा. नवरा-बायकोनं एकमेकांचं काय करायचं, हे तिच्यात नाही. पाचही कर्तव्यं घराच्या उंबऱ्याबाहेर पाहणारी आहेत. गृहस्थाश्रमाची कल्पनाच अशी की बाकीचे आश्रम त्याच्या आधारानं चालावेत. घर दोन माणसांनी एकमेकांकडे तोंड करून बसण्यासाठी आहे, ही कल्पना अलीकडची. ती वाईट आहे असं नाही, उलट फार मोलाची आहे. जोडीदार हा मित्र असावा, असं आमच्या आजोबांना कुणी सांगितलं असतं तर ते चकित झाले असते. पण या कल्पनेवर आता किती ओझं आलं आहे ते बघायला हवं.

तीन स्थलांतरं

कामासाठी शहरात येणं महाराष्ट्राला नवं नाही. तीन टप्पे ढोबळमानानं सांगता येतील.

पहिला गिरणगावचा. मुंबईच्या कापडगिरण्यांत कोकणातून, घाटावरून पुरुष आले. बहुतेकांच्या बायका गावीच राहिल्या. पण गाव मात्र सोबत आलं. एका गावच्या माणसांनी मिळून खोली घ्यायची, पाळीपाळीनं तिथं झोपायचं, जेवायचं खानावळीत. त्या खानावळी चालवणाऱ्या बायकांचं संघटन प्रेमाताई पुरव यांनी 1975 मध्ये 'अन्नपूर्णा महिला मंडळा'तून उभं केलं. म्हणजे इथं गाव होतं, पण संसार दोन ठिकाणी फाटलेला.

दुसरा टप्पा याच पट्ट्यातला. 1954 मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. 1962 मध्ये राज्याचं औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं, मोठे कारखाने आले. 1982 मध्ये पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली. या काळात कामगार बायकोला घेऊन आला. काही कंपन्यांनी वसाहती बांधल्या, बाकीचे चाळींत आणि बैठ्या घरांत राहिले. एकाच पाळीला जाणारे, एकाच भोंग्यावर उठणारे, युनियन एक, गणपती एक. नवं गाव तयार झालं.

तिसरा टप्पा मारुंजीचा. इथं दोघंही आली आहेत, दोघंही कमावतात. हे मोठं पाऊल आहे. पण जुनं गाव सोबत आलं नाही आणि नवं गाव कुणी बांधून दिलं नाही. बिल्डरनं जलतरण तलाव दिला, क्लबहाउस दिलं. पण शेजार कुणी बांधून देऊ शकत नाही. दोघांच्या कंपन्या वेगळ्या, पाळ्या वेगळ्या. समोरच्या दारावरची पाटी घरमालकाची, आत राहणारा वेगळाच. भाडेकरार बहुतेक अकरा महिन्यांचा. म्हणजे एका गणपतीला जे शेजारी होते ते पुढच्या गणपतीला असतीलच असं नाही. शेजार व्हायला एकाच दाराशी निदान दुसरी दिवाळी यावी लागते.

म्हणून मधल्या पायरीवर जे काही होतं ते सगळं आता जोडीदारावर येऊन पडतं. बायकोनं मैत्रीण व्हायचं, आई व्हायचं, डॉक्टरकडे न्यायचं, ऑफिसचं रडगाणं ऐकायचं, आणि पाणी आल्याची हाकही तिनंच द्यायची. नवऱ्यानंही तेच. एका माणसाला गाव होता येत नाही. तो तसा होत नाही म्हणून त्याच्यावर रागावणं हा अन्याय आहे, आणि तो अन्याय ही दोघं रोज रात्री एकमेकांवर करताहेत. आपल्या श्रोत्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हे आहे.

जुनं गाव परत आणायचं का?

इथं थांबून एक इशारा द्यायला हवा, नाहीतर आमच्या वयाच्या माणसांची सवय आहे, "आमच्या वेळी कसं छान होतं" म्हणायची. ते खरं नाही. 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्याविषयीच्या भाबड्या प्रेमावर फार कठोर टीका केली होती. संकुचितपणा आणि अज्ञान यांचं घर, असंच त्यांनी खेड्याचं वर्णन केलं. ते अनुभवातून आलेलं होतं. गावात कोण कुणाचा शेजारी हे जातीनं ठरायचं, आणि काहींच्या वाट्याला शेजार नसायचा, फक्त वेस असायची. आज मारुंजीत जातीबाहेर लग्न केलेलं एखादं जोडपं निवांत राहत असेल, तर लिफ्टमध्ये कुणी ओळखत नाही हे त्यांचं दुःख नसून संरक्षण आहे. घर भाड्यानं देताना आडनाव विचारणारे अजून आहेत हे मान्य, पण गावकीच्या बैठकीपेक्षा ते परवडलं.

जर्मन समाजचिंतक गेओर्ग झिमेल यानं 1903 मध्ये महानगर आणि मानसिक जीवन या विषयावर एक निबंध लिहिला. त्याचं म्हणणं असं की शहरातला माणूस तुटकपणे वागतो कारण त्याच्यावर एकाच वेळी फार गोष्टी आदळत असतात. सगळ्यांना प्रतिसाद द्यायला गेला तर तो मोडून पडेल. आणि याच तुटकपणातून त्याला एक स्वातंत्र्यही मिळतं. तेव्हा लिफ्टमध्ये मोबाइलकडे बघत उभ्या असलेल्या शेजाऱ्याला उद्धट म्हणू नका. तोही कदाचित चाकणहूनच आलेला असेल.

तर जुनं गाव नको. पण मग त्यातलं काय हवं?

ते काम कोण करत होतं?

याचं उत्तर शोधताना आम्हाला आमच्याच घराकडे पाहावं लागलं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस लग्न करून आम्ही चिंचवडला एका वाड्यात बिऱ्हाड केलं. दोन खोल्या, नळ सामाईक. पहिल्याच संध्याकाळी आमची पत्नी वाटी घेऊन शेजारी गेली, विरजण मागायला. आम्ही म्हणालो, "अगं, दही विकत आणू की." ती म्हणाली, "दही नकोय मला. ओळख हवीय."

तेव्हा हसून सोडून दिलं. आता अर्थ कळतो. विरजण ही गंमतीची वस्तू आहे. ते लागतं चमचाभर, पण ते आधीच्या कुणाच्या तरी दह्यातूनच घ्यावं लागतं. मागणाऱ्याला कमीपणा नाही, देणाऱ्याला तोटा नाही. आणि वाटी परत करताना रिकामी द्यायची नसते, म्हणून तिच्यातून काहीतरी जातं. अशा पंधरा-वीस वाट्या फिरल्या की शेजार तयार होतो. पुढे आमच्या मुलाला रात्री ताप भरला तेव्हा शेजारच्या काकांनी न बोलावता रिक्षा आणली, त्याची सुरुवात त्या वाटीपासून होती.

आता कबूल करायची गोष्ट. त्या वीस वर्षांत आम्ही एकदाही वाटी घेऊन गेलो नाही. आम्ही घरात बसून समाज आणि व्यक्ती यांच्या संबंधांवर टिपणं काढत होतो, आणि तो संबंध जोडण्याचं काम पत्नी करत होती. वाड्यातल्या प्रत्येक घरी तेच. मधली पायरी आपोआप उभी नव्हती. ती बायकांच्या दुपारच्या वेळेवर उभी होती, आणि त्या वेळेचा मोबदला कुणी दिला नाही, त्याला काम असंही कुणी म्हटलं नाही. आता बायका नोकरीला गेल्या. जायलाच हव्या होत्या. ते काम मात्र पुरुषांनी उचललं नाही, त्यामुळे ते बेवारस झालं. लोक म्हणतात, ॲपमुळे शेजार गेला. दहा मिनिटांत दही दारात येतं हे खरं, आणि मागण्याचे प्रसंग त्यामुळे कमी झाले हेही खरं. पण ॲप आलं तेव्हा ती जागा आधीच रिकामी झालेली होती.

म्हणून श्रोत्याच्या प्रश्नाचं उरलेलं अर्धं उत्तर : त्यानं वाटी घेऊन जावं. हे आम्ही शब्दशः म्हणतो आहोत. त्याच्या पहिल्या पाळीच्या आठवड्यात त्याची संध्याकाळ मोकळी असते आणि तिची नसते. त्यानं शेजारी जाऊन सांगावं, "उद्या आम्ही दोघं नाही, टँकर आला तर एक फोन कराल का?" मदत देण्यापेक्षा मागण्यानं ओळख लवकर होते, कारण मागणारा आपली अडचण दाखवतो, आणि मग समोरच्यालाही त्याची दाखवता येते.

दोन गोष्टी आणखी. एक, ज्या गावात राहता त्या गावाचे व्हा. मारुंजीचा कारभार ग्रामपंचायतीनं चालवला आहे, ते महानगरपालिकेत घ्यावं का याची चर्चा बरीच वर्षं चालू आहे. पण ग्रामसभा ही गावच्या मतदारयादीत नाव असलेल्यांची असते. नाव लातूरला आणि तक्रार टँकरची मारुंजीत, असं चालत नाही. पत्ता बदलल्यावर मतदारयादीतलं नाव हलवण्यासाठी फॉर्म 8 भरावा लागतो. नगर ही तिसरी पायरी, आणि तिच्यावर चढायचं दार हे आहे.

दुसरं, इथं नव्यानं आलेली जोडपी फक्त बाराव्या मजल्यावर राहत नाहीत. त्याच इमारतीचं काम करणारं मजूर जोडपं पत्र्याच्या खोलीत राहतं. तुमच्याकडे भांड्याला येणाऱ्या मावशी बहुधा कुठल्यातरी दुष्काळी तालुक्यातूनच आलेल्या असतात. पाच घरांच्या चाव्या ज्यांच्याकडे असतात त्या मावशींना त्या पाच घरांची जितकी माहिती, तितकी त्या घरांना एकमेकांची नसते. आजच्या सोसायटीत जर कुणी मधली पायरी धरून ठेवली असेल तर ती त्यांनी आणि गेटवरच्या वॉचमननं. त्यांना निदान नावानं हाक मारता यावी.

शेवटी एका शब्दाबद्दल. 'संसार' हा आपल्या दर्शनांतला जड शब्द. सृ म्हणजे सरकणं, वाहणं; संसार म्हणजे जन्ममरणाचं न थांबणारं चक्र, ज्यातून सुटायचं. मराठी माणसानं हाच शब्द घेतला आणि तो घराला दिला. संसार थाटला, संसाराला लागली, संसाराची भांडी. आणि 'गृहस्थ' म्हणजे घरात स्थिर राहणारा. संसार वाहतो, गृहस्थ थांबतो, आणि दोन्ही एकाच माणसाला म्हणायचं. आजच्या तरुण जोडप्याचं वाहणं काही थांबणार नाही. नोकऱ्या बदलतील, करार संपतील. पण जितके महिने आहोत तितके महिने त्या गावात थांबलेले असावं, एवढं जमवता येतं.

प्रश्नोत्तरं

एका श्रोत्या ताईंनी विचारलं : सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे की. तोच आजचा वाडा नाही का?

उपयोगी आहे, नाही म्हणणार नाही. पण त्या रात्रीचा निरोप ग्रुपवरच आला होता, हे विसरू नका. चारशे जणांना एकदम सांगितलेली गोष्ट कुणालाच सांगितलेली नसते. वाड्यातल्या हाकेच्या मागे एक माहिती असायची, की अमक्या घरी आज कुणी नाही, त्यांचीही बादली लावू. ग्रुपला ती माहिती नसते, शेजाऱ्याला असते. ग्रुपवरचे चारशे राहू द्या. आपल्या मजल्यावरच्या तीन घरांपासून सुरुवात करा.

ज्या तरुणानं मूळ प्रश्न विचारला होता तो आजही आला आहे, मागच्या रांगेत. सोबत त्याची पत्नीही आहे. तिनं आता हात वर करून सांगितलं, "सर, दही मी लावत नाही, तोच लावतो." फार चांगलं. मग आता त्याच्याकडे कुणीतरी विरजण मागायला यावं, एवढंच राहिलं.

पुढच्या वेळी 'अतिथी' या संकल्पनेविषयी बोलू.